पाळी बदलताना सहकारी हॅण्डओव्हर देत नाही, साहेबांकडे विषय कसा न्यावा? (क्यूसी लॅब, बडोदा)

दुसरी_पाळी:

नमस्कार मंडळी. बडोद्याजवळ एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे, पाळी ३ ते ११. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) माझ्या आधी ७ ते ३ ला जे असतात ते माझ्याहून बरेच सीनियर.

मी ३ वाजता मशीनवर येतो तेव्हा ते निघून गेलेले असतात. पंप बंद, कॉलममध्ये (घटक जिथे वेगळे होतात ती नळी) बफर (क्षारांचं द्रावण) तसाच. कॉलमच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मागची वेळ टाकून केलेली. स्टँडर्डच्या (तुलनेसाठीचं प्रमाण द्रावण) फ्लास्कवर लेबल नसतं, त्यामुळे मला पुन्हा वजन करून नवं स्टँडर्ड बनवावं लागतं. विचारलं तर "तुला अजून यातलं कळत नाही" असं चारचौघांत ऐकवतात. नवीन ट्रेनी मुलींशी बोलण्याची त्यांची तऱ्हाही मला खटकते. रिपोर्ट उशिरा गेला की जाब मात्र मला विचारला जातो.

सेक्शन हेड गुजराती आहेत. माणूस चांगला, पण भांडणाची कुणकुण लागली की "अंदरोअंदर पतावी लो" (आपापसात मिटवा) म्हणून मोकळे होतात. आम्ही दोघं मराठी, त्यामुळे त्यांना हे आमच्या घरातलं प्रकरण वाटतं.

साहेबांशी बोलावं की थेट एचआरला लिहावं? नाव घ्यावं का? पुरावा म्हणून काय न्यावं? लॅब किंवा एचआर जवळून माहीत असलेल्यांनी नीट सांगावं.

क्रोमॅटोग्राम:

तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत: हॅण्डओव्हर नसल्यामुळे जाणारा वेळ, मागाहून केलेल्या नोंदी, आणि बोलण्याची पद्धत. साहेबांसमोर तिन्ही एका दमात मांडल्यात तर त्यांच्या कानावर एकच गोष्ट पडेल, "यांचं पटत नाही". मग उत्तर तेच, पतावी लो. तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. मी पहिल्याबद्दल लिहितो, कारण साहेबांकडे आधी हाच विषय जायला हवा.

आधी नुकसानीचा हिशेब बरोबर करा. फॉस्फेट बफर कॉलममध्ये ठेवून पंप बंद केलेला आहे आणि तुम्हाला दुसरी मेथड लावायची आहे असं धरू. २५० × ४.६ मिमीच्या सी-१८ कॉलमवर आधी ९० भाग पाणी आणि १० भाग ॲसिटोनायट्राइल किंवा मेथॅनॉल, क्षार नसलेलं, मिनिटाला १ मिलीने अर्धा तास. त्यानंतर ऑरगॅनिक जास्त असलेलं मिश्रण अर्धा तास. मग नवा मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) लावून बेसलाइन (आलेखाची मूळ रेघ) स्थिर व्हायला ५० मिनिटं ते तास. मग सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे यंत्रणा योग्य चालते का याची चाचणी: स्टँडर्डची ६ इंजेक्शनं, रन १५ मिनिटांचा असेल तर दीड तास. म्हणजे ३ ला सुरू केलं तर पहिला सॅम्पल लागायला सव्वासहा-साडेसहा होतात. पण यातला शेवटचा अडीच तास तुम्हाला कॉलम धुऊन मिळाला असता तरी लागलाच असता. त्यांच्यामुळे गेला तो धुण्याचा तास. लेबल नसलेलं स्टँडर्ड टाकून नवं करायला अर्धा-पाऊण तास धरा, पण ते काम कॉलम धुतला जात असताना होतं, त्यामुळे ते वरून जोडू नका. साहेबांना "एक तास" सांगा. "माझी अख्खी पाळी वाया जाते" म्हणालात तर साहेब मनात हाच हिशेब करतील आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यालाही तेवढीच कात्री लावतील.

दुसरं, "ते कॉलम धूत नाहीत" ही तक्रार कच्ची आहे. पुढच्या पाळीत तीच मेथड चालायची असेल तर धुणं लागतच नाही, ०.२ मिलीने पंप चालू ठेवला तरी भागतं. ते तसंच उत्तर देतील आणि ते बरोबर ठरेल. खरी चूक वेगळी आहे: कॉलम कुठल्या अवस्थेत सोडला आहे हे कुठे लिहिलेलं नसतं. नोंद नसली की पुढचा माणूस अंदाजाने चालतो. त्याने बफर आहे हे न कळून थेट जास्त ॲसिटोनायट्राइल सोडलं तर फॉस्फेट आतल्या आत खाली बसतं. चेक व्हॉल्व्ह अडकतो, पंपाच्या सीलवर ओरखडे येतात, प्रेशर वर-खाली होतं, पुढे टेलिंग (आलेखातल्या शिखराला येणारी शेपटी) २.० च्या वर गेलं की सुटेबिलिटी फेल. कॉलम फुकट गेला तर रजिस्टरमध्ये शेवटची सही ज्याची, त्याला विचारणार. हे साहेबांना नीट कळतं, कारण कॉलमचं इंडेंट (खरेदीची मागणी) त्यांच्याच सहीने जातं.

पुरावा गोळा करायला वेगळं काही करू नका. कॉलमचं रजिस्टर, इन्स्ट्रुमेंटचं लॉगबुक आणि सॉफ्टवेअरमधली शेवटच्या इंजेक्शनची वेळ, हे तिन्ही आधीच आहे. तारीख, इन्स्ट्रुमेंट नंबर, रजिस्टरचं पान, किती वाजता काय दिसलं, किती वेळ गेला, एवढं टिपून ठेवा. पानांचे फोटो काढू नका, झेरॉक्स घरी नेऊ नका. बहुतेक लॅबमध्ये मोबाइल आत न्यायलाच मनाई असते आणि रेकॉर्डची प्रत बाहेर नेणं हा त्यांच्या चुकीपेक्षा मोठा गुन्हा ठरतो. टिपण लॅबमध्ये चिठ्ठीवरही नको. ऑडिटरला ड्रॉवरमध्ये सुटा कागद सापडला तर निरीक्षण तुमच्या नावावर येईल. टिपण लॅबबाहेर ऑफिसच्या टेबलावर किंवा ऑफिस मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवा. सलग दोन-तीन आठवड्यांच्या ५-६ नोंदी पुरतात. ज्या दिवशी हॅण्डओव्हर व्यवस्थित मिळालं तो दिवसही लिहा. नुसत्या वाईट दिवसांची यादी मुद्दाम डाव धरून केल्यासारखी दिसते.

बोलायला वेळ निवडा. सेक्शन हेड जनरल पाळीत असतील तर दुपारी ४ च्या सुमाराला, सकाळच्या कामाचा आढावा आटोपला की. महिनाअखेरीचे डिस्पॅचचे दिवस आणि ऑडिटचा आठवडा टाळा. लॅबमध्ये, मशीनशेजारी उभं राहून अजिबात नको. आधी फक्त एवढं म्हणा, "साहेब, पंदर मिनिट जोईए छे, हॅण्डओव्हर माटे." आणि बसल्यावर गुजरातीत किंवा हिंदीत बोला, जी भाषा तुमची आणि त्यांची कामाची आहे ती. दोघांचं मराठीपण मध्ये येऊ द्यायचं नसेल तर हा सोपा उपाय आहे.

सर्वांत महत्त्वाचं, जाताना मागणी घेऊन जा आणि ती एकच असू द्या. "त्यांना समजवा" ही मागणी नव्हे, कारण त्यात साहेबांना काय करायचं हे कळत नाही आणि झालं की नाही हेही मोजता येत नाही. मागा ते असं: २:५० ते ३ ही दहा मिनिटं दोघं मशीनवर एकत्र, आणि एक हॅण्डओव्हर शीट. शीटवर इन्स्ट्रुमेंट नंबर, कॉलम नंबर, चालू मेथड, कॉलममध्ये आत्ता काय आहे, पंप चालू की बंद, मोबाइल फेज कधी बनवला आणि कधीपर्यंत चालेल, कोणती सोल्युशन्स कुठल्या रॅकमध्ये, किती इंजेक्शनं बाकी, दोघांच्या सह्या आणि वेळ. फॉरमॅट क्यूएकडून (गुणवत्ता हमी विभाग) नंबर पडून यावा लागतो, त्यात काही आठवडे जातात. तोवर लॉगबुकमधला शेऱ्याचा रकाना वापरा, तो रिकामाच असतो.

एक गोष्ट आधी तपासा. त्यांची बस किती वाजता सुटते? पहिल्या पाळीची बस ३:०५ ला निघत असेल आणि तुमची मकरपुऱ्याच्या किंवा हायवेच्या गर्दीतून ३ ला टेकत असेल, तर ती दहा मिनिटं आहेतच कुठे? मग मागणी बसच्या वेळेची होते. साहेबांना ती ॲडमिनकडे लिहिणं माणसाला समज देण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं.

मांजलपूर_एचआर:

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी लेखी भागाबद्दल लिहितो आणि राहिलेल्या दोन गोष्टींबद्दल.

थेट एचआरला लिहू नका, आत्ता नाही. एचआरला तुमचा मेल आला की ते पहिला फोन सेक्शन हेडलाच करतात. त्यांना विषय तेव्हा प्रथम कळला तर ते तुमच्यावर नाराज होतात, आणि ते साहजिक आहे. आधी तोंडी त्यांच्याशी, त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनाच छोटा मेल. सीसीमध्ये कोणी नको. मेलमध्ये तक्रार पुन्हा उगाळायची नाही, काय ठरलं ते लिहायचं. साधारण असा:

"साहेब, आज दुपारी वेळ दिल्याबद्दल आभार. एचपीएलसी क्र. अमुकवर ३ वाजता कॉलमची अवस्था व मोबाइल फेजची नोंद मिळत नसल्याने सॅम्पल सुरू व्हायला सुमारे एक तास उशीर होतो, त्याच्या तारखा व रजिस्टरची पानं खाली दिली आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे येत्या सोमवारपासून २:५० ला दोन्ही पाळ्यांनी लॉगबुकच्या शेऱ्यात हॅण्डओव्हर लिहायचं आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा आपल्याला भेटतो."

खाली ५-६ ओळींचा तक्ता. संपलं. तुमच्या ऑफिसात मेल इंग्रजीत चालत असतील तर इंग्रजीत लिहा, पण लांबी एवढीच. "नेहमी", "कधीच", "मुद्दाम", "बेजबाबदार" हे शब्द शोधून काढून टाका. "मुद्दाम" लिहिलंत की ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

नाव घ्यायचं का? तक्त्यात पाळी, मशीन आणि वेळ लिहिली की नाव रजिस्टरमध्ये आहेच. साहेबांनी विचारलं तर सरळ सांगा, आढेवेढे घेऊ नका. नाव न घेता सूचक बोलण्याने तुम्हीच लपवताय असं वाटतं.

चारचौघांत ऐकवण्याबद्दल: पहिल्या भेटीत हा विषय काढायचाच झाला तर एका वाक्यात, त्यांचे नेमके शब्द, तारीख, आणि कोण हजर होतं. "अपमान करतात" असं लिहिलं तर तो तुमचा निष्कर्ष झाला. "अमुक तारखेला, लॅबमध्ये, दोन ट्रेनींसमोर असं म्हणाले" ही माहिती झाली. एचआर माहितीवर काम करू शकतं. हॅण्डओव्हरची घडी बसल्यावरही ते थांबलं नाही, तर त्याच पद्धतीने टिपलेल्या प्रसंगांसह एचआरकडे जाता येतं, आणि तेव्हा सेक्शन हेडना आधी सांगून जायचं.

ट्रेनी मुलींचा विषय मात्र या सगळ्यातून पूर्ण बाहेर काढा. तुमच्या हॅण्डओव्हरच्या तक्रारीला वजन यावं म्हणून तो जोडला गेला तर त्या मुलींचं नुकसान होईल. बोलणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो. १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि ट्रेनी, ॲप्रेंटिससुद्धा त्यात मोडतात. तक्रार त्या मुलीने स्वतः लेखी द्यायची, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. पुरेसं कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. नियमाप्रमाणे तक्रारीच्या ६ प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं व पत्ते लागतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तिला स्वतः तक्रार देणं शक्य नसेल तर घटना माहीत असलेली व्यक्ती देऊ शकते, पण तिची लेखी संमती असेल तरच. म्हणून तुमचं काम एवढंच: समितीतल्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डवर कुठे लावली आहेत ते तिला दाखवा, आणि साक्ष द्यायची तयारी असेल तर तसं सांगा. तिच्या वतीने साहेबांकडे बोलू नका, मित्रांतही नको. तक्रार झाल्यावर नावं गुप्त ठेवण्याचं बंधन कायद्यातच आहे.

आणि बाहेर बोलण्याबद्दल. बडोद्यातलं मराठी वर्तुळ लहान आहे. दांडियाबाजारच्या गणपती मंडळात काढलेला विषय दोन दिवसांत त्यांच्या घरी पोहोचतो, आणि तिथून वेगळ्याच रूपात साहेबांपर्यंत. ऑफिसची गोष्ट तक्रार निकाली निघेपर्यंत ऑफिसातच ठेवा.

सयाजीबागेजवळ:

मला एक पायरी सुटल्यासारखी वाटते. साहेबांकडे जाण्याआधी त्या सीनियरशी एकदा स्पष्ट बोललात का? "विचारलं तर ऐकवतात" यावरून असं दिसतं की विचारणं ३ वाजता, मशीनपाशी, इतरांसमोर झालं. सीनियर माणसाला तिथे चूक कबूल करणं जड जातं. चहाच्या वेळी, दोघंच असताना, मराठीत आणि आदराने: "दादा, कॉलममध्ये काय ठेवलंय तेवढं शेऱ्यात लिहून जाल का? मला सुरुवात करायला सोपं जाईल." त्यांची चूक काढायची नाही, एक गोष्ट मागायची. दोन आठवडे वाट पाहा.

फायदा दुहेरी आहे. सुधारलं तर प्रश्नच मिटला. नाही सुधारलं तर साहेबांचा पहिला प्रश्न, "तमे एमनी साथे वात करी?" (त्यांच्याशी बोललात का?) याला तुमच्याकडे तारखेसकट उत्तर असेल. "पतावी लो" चा रस्ता तुम्ही आधीच चालून आलेले असाल.

नवरात्र जवळ आली असेल तर तेवढे दिवस थांबा. त्या नऊ रात्रींत सगळ्यांच्याच पाळ्यांची अदलाबदल होते, निम्मी लॅब जागरणाने थकलेली असते, आणि त्या काळातल्या नोंदी दाखवल्या तर कोणीही म्हणेल की गरब्यामुळे झालं.

दुसरी_पाळी:

सर्वांचे मनापासून आभार. एक तास हा हिशेब मी केलाच नव्हता. बसही बघितली. त्यांची ३:१० ला सुटते, आमची ३ च्या आधी क्वचितच पोहोचते. त्यांच्याशी एकट्याने बोलायचं राहिलं आहे, ते आधी करतो.

दोन प्रश्न उरतात. मागाहून वेळ टाकून केलेल्या नोंदींचं काय? त्यासाठीही दोन-तीन आठवडे थांबायचं का? आणि मध्यंतरी घाईत असताना त्यांनी माझा लॉगिन पासवर्ड मागितला होता, "सीक्वेन्स (इंजेक्शनांची यादी) तुझ्या नावाने लावून जातो, तुझंच काम वाचेल" म्हणाले. मी दिला नाही, पण पुन्हा मागतील. नाही म्हटलं तर संबंध आणखी बिघडतील.

क्यूए_पाहणी:

पासवर्ड द्यायचा नाही, कोणत्याही कारणाने, कितीही सीनियर असले तरी. दिला नाहीत हे फार बरं झालं. त्या लॉगिनवर जे होईल ते ऑडिट ट्रेलमध्ये (सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं ती नोंद) तुमच्या नावाने, तारीख-वेळेसकट कायमचं नोंदलं जातं. इंजेक्शन मध्येच थांबवलं, पीकचं इंटिग्रेशन (आलेखातल्या शिखराचं क्षेत्रफळ मोजणं) हाताने बदललं, रन पुन्हा घेतला, तर कारण तुम्हाला विचारणार, आणि त्या वेळी तुम्ही बसमध्ये होता हे हजेरीच्या पंचिंगवरून दिसणार. मग एकाऐवजी दोघांची नोकरी धोक्यात. अमेरिकेला माल जाणाऱ्या कंपन्यांना २१ सीएफआर भाग ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांचा अमेरिकी नियम) लागू असतो, आणि वैयक्तिक लॉगिन वाटून वापरणं हे तिथल्या तपासनिसांचं नेहमीचं निरीक्षण आहे. नकार देताना तत्त्व सांगत बसू नका. "दादा, आयटीने ट्रेल चालू ठेवलाय, दोघंही अडकू. तुमच्या नावाने लावा, मी पुढे माझ्या लॉगिनने घेतो." एवढं पुरे. या वाक्यात त्यांचीही काळजी घेतलेली आहे, त्यामुळे तो नकार सहसा मनाला लागत नाही.

मागाहूनच्या नोंदींना थांबायचं नाही. इथे हॅण्डओव्हरचा नियम चालत नाही. रेकॉर्ड काम होतानाच, करणाऱ्यानेच, वाचता येईल असं आणि मूळ स्वरूपात व्हायला हवं. हे सुधारित शेड्यूल एममध्येही (औषध उत्पादनाचे भारतातले नियम) आहे आणि कंपनीच्या डॉक्युमेंटेशन एसओपीतही (ठरलेली लेखी कार्यपद्धती) असतं. ज्या दिवशी दिसलं त्याच पाळीत सेक्शन हेडना सांगा, ते नसतील तर पाळीच्या इन्चार्जना, आणि डेव्हिएशन (नियमापासून ढळल्याची नोंद) किंवा इन्सिडेंट फॉर्म काढा. बहुतेक एसओपीत तो एका कामाच्या दिवसात काढायचा असतो, आपल्या एसओपीतली मुदत वाचून घ्या. साठवून ठेवून तीन आठवड्यांनी सहा प्रकार एकदम मांडले तर पहिला प्रश्न येईल की तुम्ही एवढे दिवस गप्प का राहिलात. आणि त्याला चांगलं उत्तर नसतं.

पण फॉर्ममध्ये काय लिहायचं ते नीट समजून घ्या. "मागची वेळ टाकली" हा आरोप आहे. तुम्ही पाहिलंत ते असं: "दि. अमुक रोजी १५:०५ वाजता कॉलम रजिस्टर पान अमुकवर त्या दिवसाची नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी १५:०० वाजता त्याच पानावर आदल्या दिवसाची १४:४५ ची नोंद दिसली." थांबा तिथेच. हेतू काय होता, चूक की आणखी काही, हे ठरवणं क्यूएचं काम आहे. उशिरा नोंद करायला रीतसर वाट असते: आजची तारीख, "उशिरा केलेली नोंद" असा शेरा, कारण आणि सही. ती वाट वापरली तर गुन्हा नाही. हे त्या सीनियरना कदाचित कोणी शांतपणे सांगितलंही नसेल, म्हणून दोघं बोलाल तेव्हा हेही सांगून पाहा.

जिथे तुम्ही "तपासलं" म्हणून सही करता तिथे विशेष जपा. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही नाही. रिकामी जागा दिसली तर स्वतः भरू नका, रेघ मारू नका, तशीच ठेवून इन्चार्जना दाखवा.

लेबल नसलेल्या फ्लास्कबद्दल कोणी लिहिलं नाही, तो छोटा वाटतो पण नाही. लेबलशिवाय सोल्युशन वापरायचंच नाही, हे तुम्ही बरोबर करता. टाकण्याआधी मात्र पाळीच्या इन्चार्जना दाखवा आणि नोंद करा. कारण सकाळच्या एखाद्या रिझल्टचं गणित अजून झालेलं नसेल आणि तो मर्यादेबाहेर आला, तर ओओएसच्या (मर्यादेबाहेरचा रिझल्ट) पहिल्या टप्प्यातल्या तपासणीला तीच मूळ सोल्युशन्स लागतात: फ्लास्क बघायचा, तेच पुन्हा इंजेक्ट करायचं. तुम्ही ते सिंकमध्ये ओतलं असेल तर तपासच खुंटतो आणि पुरावा नष्ट केला तो तुम्ही. बाजूच्या ट्रेवर "ओळख नाही, वापरू नये" असं लेबल लावून, वेळ आणि सही करून, रिझल्ट रिलीज होईपर्यंत ठेवायची परवानगी मागा.

क्रोमॅटोग्राम:

बसचं कळलं ते चांगलं झालं, आता मागणी बदला. ३:१० ची बस ३:२० ला न्यावी किंवा तुमची दहा मिनिटं आधी निघावी, यातलं एक. ती मार्गी लागेपर्यंत, दोघांची भेट होत नाही हे गृहीत धरून, लॉगबुकमधला लेखी शेरा सक्तीचा करावा. यामुळे साहेबांना कोणाच्या बाजूने उभं राहावं लागत नाही.

भेट झाल्यावर दोन आठवडे गेले की आठवण तुम्हीच करा, ते करणार नाहीत. तक्ता पुन्हा न्या, या वेळी सुधारलेले दिवस वर. काहीच बदललं नसेल तर साहेबांना विचारा, "हा विषय क्यूसी मॅनेजरसमोर तुम्ही मांडाल की मी मांडू?" बहुतेक वेळा ते स्वतः मांडतात. मागून जाऊन परस्पर मॅनेजरला भेटू नका.

मांजलपूर_एचआर:

शेवटचं एक, कारण काही लोक हा धागा नंतर वाचतील. तक्रारीनंतर तुमची पाळी अचानक बदलली, रजा अडवली किंवा मेमो आला, तर तो वेगळा मुद्दा होतो, कारण आता तक्रार सहकाऱ्याची राहिली नाही, तुमच्या सेवाशर्तींची झाली. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तिच्याकडे कारण घडल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम आटोपायचं असतं. मात्र तुम्ही "कामगार" या व्याख्येत बसता का ते आधी पाहा. देखरेखीचं काम असेल आणि पगार महिना १८,००० च्या वर असेल तर बसत नाही. ॲनालिस्टच्या बाबतीत नियुक्तिपत्रातल्या हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. मेमोला उत्तर दिलेल्या मुदतीत, लेखी, पोच घेऊन द्या. वर सांगितलेला तो छोटा मेल तेव्हा कामी येतो, त्याची तारीख मेमोच्या आधीची असते.